दोन डबे आणि एक नळी

"मावशी, थांब! किल्ली फिरवू नकोस!"

भिंगरी ओरडतच अंगणात धावली. मावशी जनावरांची डॉक्टर. पलीकडच्या गावातल्या गोठ्यातून फोन आला होता. गाय अडली होती, वासराचा पाय आत वळला होता. एक क्षणही दवडून चालणार नव्हतं.

"आता काय गं?" मावशी व्हॅनमध्ये बसत म्हणाली.

"टाकीत डिझेलऐवजी पेट्रोल पडलंय! चालू केलीस तर इंजिनाची वाट लागेल!"

"काहीतरीच!" काका उसळले. "टाकी कोरडी होती, मघाशी मीच तर भरली. मी काय दूधखुळा आहे?"

पण भिंगरीला मघाशीच काहीतरी खटकलं होतं. शेडमध्ये सारखेच दोन निळे डबे होते. गवत कापायच्या यंत्राचा पेट्रोलचा डबा रिकामा आणि डिझेलचा मात्र काठोकाठ भरलेला! मग काकांनी व्हॅनमध्ये ओतलं तरी काय?

वाद घालायला वेळच नव्हता. तिने वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, दोन्ही डब्यांतले थेंब त्यावर टाकले आणि कागद उन्हात धरला. भरलेल्या डब्याच्या थेंबाचा तेलकट डाग तसाच राहिला. रिकाम्या डब्याचा थेंब बघता बघता उडून गेला!

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मावशी खाली उतरली. "गॅरेजवाला यायला तास लागेल. तोवर गाय तग धरायची नाही."

"मग आपणच उपसू!" भिंगरी म्हणाली. "दादा, माशांच्या टाकीची लांब नळी आण! ढब्बू, मोकळा डबा!"

दादाने, म्हणजे भिंगरीच्या मोठ्या भावाने, नळी आणली. ढब्बूने, म्हणजे मावशीच्या मुलाने, डबा ठेवला आणि नळीचं टोक थेट तोंडाकडे नेलं.

"अरे वेड्या, पोटात गेलं तर? ते विष आहे!" भिंगरीने नळी हिसकावली. "मावशी, गुरांना औषध पाजायची ती मोठी पिचकारी दे!"

मावशीने सगळ्यांना हातमोजे दिले, काकांना काड्यापेटी, विस्तव सगळं लांब ठेवायला बजावलं आणि स्वतः नळी टाकीत सोडली. भिंगरीने पिचकारी नळीला घट्ट लावून दट्ट्या ओढला. नळीतून पेट्रोल सरसर वर चढलं. तिने नळी चिमटली, पिचकारी काढली आणि टोक डब्यात धरलं.

धार लागली... आणि थांबली!

"बोंबला!" ढब्बू म्हणाला.

भिंगरीने दात-ओठ खाल्ले. तिने आधी व्हॅनच्या टाकीकडे पाहिलं, मग डब्याकडे. डबा पायरीवर होता, जवळजवळ टाकीच्याच उंचीवर! "डबा खाली ने, पार गटाराच्या कडेला! धार उतारालाच लागते!"

पुन्हा दट्ट्या ओढला. या वेळी धार तुटलीच नाही. डबा भरत आला तसा दादाने डिझेलचा डबा आणून ठेवला. शेवटचा थेंब निघाला, नवं डिझेल पडलं आणि मावशीने किल्ली फिरवली. व्हॅन एका दमात सुरू झाली!

"भिंगरी, बस पुढे. मला तुझ्यासारखं डोकं सोबत हवंय."

गोठ्यात मावशीने बाही वर सारली. भिंगरीने कंदिलासारखी बॅटरी धरली, हात जराही हलू दिला नाही. बऱ्याच खटपटीनंतर वासरू बाहेर आलं, ओलंचिंब, निपचित. मावशीने त्याचं नाक पुसलं, छाती चोळली. एक शिंक! मग दुसरी! आणि गाय मान वळवून त्याला चाटायला लागली.

"डॉक्टरबाई, अगदी वेळेवर आलात!" गोठ्याच्या म्हाताऱ्या मालकिणीने हात जोडले.

"मी नाही हो," मावशी घाम पुसत म्हणाली, "या पोरीने वेळेवर आणलं!"

वासराने पहिल्यांदा चारही पायांवर उभं राहायचा प्रयत्न केला, धडपडलं, आणि पुन्हा उठलं. भिंगरीचं सगळं लक्ष तिकडेच होतं.