शून्य व्होल्टची लाट

विश्वास ठेवा, नाही तर सोडून द्या. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पटवून देत बसण्याचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

१९९६. हैदराबाद. उन्हाळ्यातली दुपार. काचीगुड्यातलं आमचं छोटं ऑफिस.

माझं काम कॉम्प्युटरवर. जमिनीखालच्या केबलला वीज जोडली की विजेच्या दाबाची एक लाट धावते, टोकाला आपटून परत येते. केबल ती सोसेल का, हे आधीच पडद्यावर बघायचं. खाजगी कंपन्या आल्या, त्यांची घाई आली. मला रविवार असा राहिलाच नव्हता.

त्या दिवशी चिक्कडपल्लीची नवी केबल होती. माझे यजमान, श्रीकांत, तिथेच रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरून जोडकामावर होते.

आलेख काढला. लाट गेली, आली...

मध्येच एक बारीक उंचवटा.

त्या जागी मी काहीच भरलं नव्हतं. आकडे तपासले. पुन्हा तेच. वैतागून मी सोर्सच शून्य केला. वीजच नाही म्हटल्यावर रेघ सपाट यायला हवी.

आली...

उंचवटा तेवढा तिथेच होता.

आमचे साहेब, भगवंतराव, मागून म्हणाले, "प्रोग्राम गंडला असंल हो. नक्को डोकं लावू. घरी जा."

जाणारच होते. पाठ नुसती ठणकत होती. पण लाट परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं, ते सवयीनं काढलं.

बरोबर श्रीकांतचा खड्डा.

रस्त्यावरच्या खड्ड्यात फोन कुठला? ऑटो केली.

ते खड्ड्यात वाकले होते. हात उघड्या तारेकडे...

"अहो, थांबा! आधी अर्थिंग करा!"

"अगं, नवी केबल आहे. दोन्ही टोकं मोकळी. चाचणीसुद्धा व्हायचीय."

जॉइंटर अंबाजी हसला. "करंट कुठून येतो मॅडम? बाजूला दुसरी केबल बी न्हाई."

मी रडायच्या बेतात होते. माझं तोंड बघून त्यानं अर्थिंगची, जमिनीला जोडलेली दांडी तारेला टेकवली.

फाट्!

निळी ठिणगी. दांडी हातातून उडाली. तिचं टोक वितळलं होतं.

श्रीकांत वर आले आणि रस्त्यावरच बसले.

कारण कुणाला सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच फाइल चालवली. रेघ सपाट.

लोक म्हणतात, देव पावला. पावलाही असेल. पण मला धड झोप लागत नाही. ते जे काही होतं, ते मला सावध करत होतं...

की त्यांच्याकडेच निघालं होतं?

श्रीकांत अजूनही खड्ड्यात उतरतात.