सदतीस पिवळ्या पट्ट्या

किनाऱ्यावरच्या खारट चिखलात माझी जीप रुतली आणि ती ढकलायला आला तो एसेन. चाकाखाली जुनं जाळं कोंबत त्यानं विचारलं, "समुद्र त्या बाजूला आहे, बाई. तुम्ही कुठे निघालात?"

"मासे मोजायला."

"मग तुमच्याआधी एक मी मोजलाय," म्हणत त्यानं खिशातून माझीच पिवळी पट्टी काढली!

मी राउशान, अरल समुद्राकाठच्या अराल्स्कमध्ये माशांवर संशोधन करते. दर वसंतात सिर नदीच्या मुखाशी आम्ही सझान माशांच्या पाठीत अशा क्रमांकाच्या पट्ट्या टोचतो आणि त्यांना सोडून देतो. ज्या कोळ्याला तो मासा मिळेल त्यानं पट्टी आणून द्यायची, जागा सांगायची आणि चहाचं पुडकं घेऊन जायचं. मग त्या जागेचं पाणी तपासायला मी जाते. मासे अंडी घालायला कुठे जातात, ते असं कळतं.

त्यानंतर एसेनचा फोन वरचेवर येऊ लागला. "डॉक्टरीणबाई, तुमचा आणखी एक पाहुणा आलाय आमच्या खाडीत."

मी लगेच निघायची. नाव वल्हवता वल्हवता तो बडबडायचा, मी बाटल्या भरायची. वारा सुटला की स्वतःची कानटोपी माझ्या डोक्यावर चढवायचा. त्याची आई दूध घातलेला चहा आणि तळलेल्या पिठाचे गरम बाउरसाक पुढे ठेवून विचारायची, "एवढी शिकलीस, पण मासे सोडून कुणाकडे बघायला वेळ आहे का तुला?" एसेन खाली मान घालून जाळं शिवत बसायचा... आणि त्याचे कान लाल व्हायचे.

दोन वसंतांत सदतीस पट्ट्या आल्या. मी अहवाल लिहिला – सझान अंडी घालतो तो एसेनच्या खाडीत, तेव्हा वसंतातले दोन महिने तिथे जाळं टाकायला बंदी असावी. बैठक गावातल्या शाळेत ठरली. तिथे अहवाल वाचला की बंदी लागू होणार होती.

त्या सकाळी एसेन जीपपाशी आला.

"राउशान, तो कागद वाचू नकोस." पहिल्यांदाच तो मला एकेरी हाक मारत होता.

"का? तुमची जाळी बंद होतील म्हणून?"

"खोटा आहे म्हणून. आमच्या खाडीतल्या पट्ट्या फक्त चार. बाकीच्या मी गावोगाव फिरून कोळ्यांकडून मागून आणल्या. चहा त्यांना पोचवला."

"पण कशासाठी?"

"तू यावीस म्हणून... दुसरं काय सांगून बोलावणार होतो तुला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सदतीस वेळा खोटं बोललास तू!"

"तेहतीस वेळा," तो पुटपुटला.

"जा माझ्यासमोरून!"

तो गेला. जीपमध्ये बसून मी अहवाल पुन्हा उघडला. एकाच नावेतून सदतीस पट्ट्या, आणि इतर आठ गावांतून एकही नाही! पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शंका आली असती. मला का आली नाही? उत्तर मला ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटत होती. मलाही त्याच खाडीत जायचं होतं. त्यापायी दोन वसंत हातचे गेले. मासे खरोखर कुठे अंडी घालतात, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

शाळेत सगळे कोळी जमले होते. आमच्या संस्थेचे संचालक शहरातून आले होते. मी उभी राहिले.

"हा अहवाल मी मागे घेते. पट्ट्यांच्या जागा चुकीच्या आहेत. पडताळणं माझं काम होतं, ते मी केलं नाही."

"का केलं नाहीत?" संचालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

मागे दाराशी एसेन टोपी हातात घेऊन उभा होता.

"त्या जागा सांगणाऱ्यावर माझं प्रेम आहे, साहेब. आकड्यांकडे बघायचं सोडून मी त्याच्याकडेच बघत राहिले."

एक म्हातारा कोळी खदखदून हसला. संचालक मात्र हसले नाहीत. बंदी टळली, पण या किनाऱ्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. ते योग्यच होतं, तरी बाहेर येताना माझे डोळे भरून आले.

एसेन मागून धावत आला. "माझ्यामुळे गेलं तुझं काम... आता कशाला येशील तू इथे?"

"तुला भेटायला," मी डोळे पुसत म्हटलं. "उद्या येऊ?"