वाळू निघत नाही

मोबाइल खाली ठेवा पोरांनो, आणि ऐका. माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. ऐकीव नाही.

एसी दुरुस्त करायचा तो. हातात कसब, तोंडी सदा थट्टा. बेटावरच्या रिसॉर्टमधून फोन आला, टोकाच्या कॉटेजचा एसी बंद पडलाय. ताई म्हणाली, "मलाही न्या की, फुकटात समुद्र बघेन."

"पुढच्या खेपेला नक्की," म्हणाला आणि शेवटची बोट पकडली.

अमावास्येच्या आधीची रात्र, मंगळवारची. कॉटेज गेल्या हंगामापासून बंद होतं. हा स्टुलावर चढून एसी उघडून बसला. इतक्यात बाथरूममध्ये शॉवर सुरू झाला.

"कोण आहे हो आत?"

"झालंच हं दादा," एका पुरुषाचा आवाज. साधा, थकलेला. "वाळू निघत नाहीये."

असेल कोणी नोकर, चोरून आंघोळ उरकतोय, असं वाटून हा हसलासुद्धा. बराच वेळ गेला. पाणी आपलं वाहतंच आहे.

"अहो, टाकी रिकामी कराल!"



खाली उतरला. दार ढकललं. आत... कोणी नाही. शॉवर बंद. भिंती कोरड्या ठणठणीत. खाली नुसती वाळू. घोट्याएवढी.

आणि मागून, अगदी कानाशी...

"दादा, पाठ तेवढी चोळता? माझा हात पोचत नाही."

अवजारं तिथंच टाकून पळाला. रात्र धक्क्यावर काढली. सकाळी बोटवाला म्हणाला, "त्या कॉटेजमधला पाहुणा बुडाला होता. न्यायला कोणीच आलं नाही. इथंच वाळूत पुरला."

घरी आला, पण माणूस परत आला नाही. थट्टा गेली, जेवण गेलं. उठल्यासुटल्या आंघोळ. पाठ घासून घासून सोलून काढली.

ताई रडायची. "अहो, कुठंय वाळू? काही नाही हो!"

"तुला नाही दिसत गं."

डॉक्टर झाले, देव झाले. गुण नाही. एका पहाटे ताईला तो चालू नळाखाली सापडला. थंडगार.

शेवटची आंघोळ आम्हीच घातली. कुशीवर वळवला, आणि...

पाठीवर पंजा. ओल्या वाळूचा. पाची बोटं स्पष्ट.

मी स्वतः पाणी ओतलं. या हातांनी चोळलं.

...

तसाच नेला.