मनगटाचं माप

“यंदा दिवाळसण वगैरे काही करू नका,” उत्तरा म्हणाली, आणि आपट्याची पानं अण्णांच्या हातावर ठेवून उंबऱ्यापाशीच उभी राहिली!

लग्नानंतरचा पहिला दसरा होता तो. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून नुसती धांदल चालली होती. वसुधानं स्वतः चक्का फेटून श्रीखंड केलं होतं, बटाट्याची भाजी धाकटीला आवडते तशी चांगली परतून ठेवली होती, आणि दर थोड्या वेळानं जिन्यावर पाऊल वाजलं का म्हणून कान देत होती... आणि बहीण मुलुंडहून आली ती अशी! जावई बरोबर नव्हते. पायातली चप्पलसुद्धा न काढता पोरगी वडिलांना नमस्कार करून वळली. थोरल्या बहिणीला तिनं सोनं दिलं खरं, पण ते देताना नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर होती.

ती गेल्यावर अण्णा कितीतरी वेळ ती पानं हातात घेऊन बसले. पोस्टातून निवृत्त झालेला, गुडघ्यांनी अधू झालेला तो साधा माणूस. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून या घराचं सगळं वसुधाच बघत होती. शाळेतली नोकरी, स्वयंपाक, धाकटीचं शिक्षण आणि शेवटी धाकटीचं लग्नही. “नको म्हणते तर राहू दे गं,” अण्णा पुटपुटले. “आपल्याकडून काही कमी पडलं असेल.”

काय कमी पडलं होतं ते वसुधाला पक्कं ठाऊक होतं. अण्णांनाही ठाऊक होतं. पण या घरात तो विषय निघत नसे.

माघ महिन्यात जयवंत आला होता तो वसुधाला बघायला! ट्रॉम्ब्याला अणूच्या नव्या संस्थेत नोकरी, मुलुंडला घर, स्वभावानं गरीब. वसुधा सत्तावीस पुरी झालेली. स्थळं येत आणि चहा पिऊन जात, त्याची सवय होऊन गेली होती. पण हे स्थळ जुळणार असं यावेळी सगळ्यांनाच वाटलं. पोहे वसुधानं दिले, पाण्याचे पेले उत्तरानं. आणि दोन दिवसांनी निरोप आला तो... धाकटी पसंत आहे म्हणून!

अण्णा संतापून नकार कळवायला निघाले होते. त्यांना अडवलं वसुधानंच. उत्तरा जेवेना, रडून रडून तिचे डोळे सुजले. तेव्हा वसुधानं तिला जवळ ओढून हसत हसत सांगितलं की अगं वेडे, मला तो मुलगा मुळीच आवडला नव्हता, कान बघितलेस का केवढे आहेत, मी तर सुटले! इतकी हसली ती त्या रात्री, की उत्तराला खरंच वाटलं. वैशाखात लग्न झालं. करवली म्हणून मिरवताना वसुधाचं हसू एकदाही ढळलं नाही. पण श्रावणात मंगळागौरीला मुलुंडहून बोलावणं आलं, तेव्हा मात्र तिचं डोकं दुखायला लागलं. नंतरही काही ना काही निमित्त निघत राहिलं, आणि थोरली बहीण धाकटीच्या घराची पायरी काही चढली नाही.

आणि आता धाकटीनं माहेरची पायरी सोडायचं ठरवलं होतं!

वसुधानं श्रीखंडाचं पातेलं उचलून शेजारच्या शुभाकडे देऊन टाकलं, हात धुतले आणि अण्णांपुढे येऊन उभी राहिली. “दिवाळसण होणार,” ती म्हणाली. “जावयाला मनगटी घड्याळ द्यायचं. आई असती तर तिनं दिलं असतं.”

अण्णांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुढे वाद घातला नाही. वसुधानं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं, हे त्यांना काही नवं नव्हतं.

घड्याळ घ्यायचं ठरलं खरं, पण कुठलं? अण्णांनी बाजूला ठेवलेले आणि तिनं पगारातून साठवलेले मिळून जेमतेम सव्वाशे रुपये होत होते. आणि जावयाच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, लग्नाच्या मांडवातच चार बायकांत मोठ्यानं सांगून ठेवलं होतं की थोरल्या सुनेच्या माहेराहून थोरल्याला सोन्याचं घड्याळ आलं! म्हणजे उत्तरानं आता लोखंडाचं न्यावं की काय? शाळा सुटली की वसुधा तडक स्टेशनरोडवरच्या एका गुजराती शेठच्या दुकानात जाई. शेठ बापडा काचेखालची एकेक घड्याळं काढून मखमलीवर मांडी, चावी देऊन तिच्या कानाला लावी. हे पंधरा ज्वेलचं, हे रात्री अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं, हे पाण्यानं न बिघडणारं... वसुधा किंमत ऐके, ओठ मुडपे, आणि दुसऱ्या दिवशी परत हजर! अखेर तिनं एक निवडलं. सोन्याचा मुलामा, तशीच पिवळीधमक साखळी, तबकडी पांढरीशुभ्र. चार बायकांत मिरवायला झकास. शेठनं शंभरावर चाळीस सांगितले होते, ते तिनं सव्वाशेवर आणले. फक्त साखळीचे दुवे मनगटाच्या मापानं काढावे लागणार होते, आणि एकदा काढले की माल परत नाही. माप आणा, शेठ म्हणाला.

माप! वसुधा दुकानाच्या पायऱ्या उतरताना थबकली. जयवंतचं मनगट केवढं, हे तिला कसं ठाऊक असणार? लग्नापासून त्या माणसाकडे मान वर करून बघायचंच नाही असा तिनं स्वतःला नेमच घालून घेतला होता... पण माप तर हवं, आणि ते मुलुंडलाच मिळणार. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतून अर्धी रजा टाकली, बांगड्यांच्या मापाला घेतो तसा पांढरा दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि मुलुंडच्या बसमध्ये चढली.

उत्तरा घरात एकटीच होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या, नवरा कामावर. चकलीची भाजणी भाजता भाजता उठून तिनं दार उघडलं आणि ताईला बघून तिचा चेहरा आधी फुलला, मग लगेच मिटला. वसुधानं पाटावर बसून पाणी घेतलं, घड्याळाचं सांगितलं आणि दोरा पुढे केला. आज रात्री ते आले की मनगटाला गुंडाळून गाठ मारून ठेव, उद्या कुणाबरोबर तरी पाठव, एवढंच.

उत्तरानं दोऱ्याला हात लावला नाही. “माझ्या नवऱ्याला घड्याळ तू निवडलंस?”

“दुसरं कोण निवडणार?”

“तेच म्हणते मी! मंगळागौरीला तुला यायला जमलं नाही. कधी ‘कशी आहेस’ म्हणून बघायला जमलं नाही. आणि त्यांच्या मनगटाचं माप घ्यायला मात्र आलीस.” बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली.

रागानं, अपमानानं वसुधाचे कान तापले. उठावं आणि चालू लागावं, परत या पोरीचं तोंड बघू नये, असंच तिला वाटलं... दहा वर्षं हिच्या वेण्या घातल्या, हिच्या तापात उशाशी बसले, ते हे ऐकायला! पण उठून जाणं तर आजवर जमतच आलं होतं. नुसतं हसून उठून जायचं, हेच तर ती करत आली होती. चुलीवर भाजणी करपायला लागली होती. वसुधानं उठून कढई खाली उतरवली आणि बहिणीचा हात धरून तिला उभं केलं.

“माप देऊ नकोस,” ती म्हणाली. “चप्पल घाल. घड्याळ तू निवडायचंस.”

दोघी बसनं घाटकोपरला उतरल्या आणि तडक दुकानात शिरल्या. शेठनं वसुधाला बघून ते पिवळंधमक घड्याळ लगबगीनं काढलं. उत्तरानं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि सरळ खाली ठेवलं.

“हे नको. त्यांच्या हाताला घाम फार येतो. मुलामा वर्षात काळा पडेल, आणि मग ते लाजेनं बाही खाली ओढत बसतील.” तिनं काचेखालचं एक साधं स्टीलचं घड्याळ दाखवलं. तबकडी मोठी, आकडे ठळक. “हे द्या. चष्मा काढला की त्यांना बारीक दिसत नाही.”

वसुधा तिच्याकडे बघतच राहिली. आठवडाभर ती या दुकानात उभी होती, तिनं घड्याळाची सगळी कुळकथा विचारली होती. पण हाताला घाम येतो, बारीक आकडे दिसत नाहीत, हे तिला कुठून कळणार! ते संसार करणाऱ्या बाईलाच कळतं. काळजात एक बारीक कळ उठली, आणि तिच्यामागून, तिचं तिलाच नवल वाटावं असं, छान मोकळंही वाटलं. सासूबाई काय म्हणतील, एवढंच तिनं विचारलं. सासूबाईंचं मी बघते, उत्तरा म्हणाली. शेठनं माप मागितलं तेव्हा तिनं आपली वीत ताणली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि वर एक बोट. एवढं, बरोब्बर. शेठ साखळी घेऊन आतल्या कारागिराकडे गेला.

दोघी बाकावर बसल्या. दुकानभर घड्याळांची टिकटिक चालली होती.

“ताई, एक विचारू? खरं सांगशील?” उत्तरानं खाली बघत विचारलं. “तुला ते आवडले होते?”

तेच हसू, तोच मोठ्या कानांचा विनोद वसुधाच्या अगदी ओठांवर आला होता. एवढं एक वाक्य, की झालं... पण शेजारी बसलेल्या पोरीचे हात तिला दिसले. मांडीवर घट्ट गुंफलेले, गार पडलेले हात! खोटं बोलून हिला सुखी करायला गेले आणि हिचं काय करून ठेवलं, हे तिला तिथे, त्या बाकावर, पहिल्यांदा लख्ख दिसलं.

“हो,” ती म्हणाली. “आवडले होते. काय शिकवता म्हणून त्यांनी विचारलं. मी गणित म्हटलं, तर हसले नाहीत, नीट ऐकून घेतलं. तेवढ्यावर मी दोन दिवस मनात संसार मांडून बसले. मग निरोप आला. मला फार लागलं गं, उत्तरा. फार लागलं.”

उत्तराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “मग मला फसवलंस का?”

“खरं सांगितलं असतं तर तू उभी राहिली असतीस लग्नाला?”

“नाही.”

“आणि मग अण्णांच्या घरात दोघी बसून राहिलो असतो. एकमेकींची तोंडं बघत.”

“मला सगळं समजत होतं ताई,” उत्तरा हुंदके देत म्हणाली. “तू मंगळागौरीला आली नाहीस, तेव्हाच कळलं. तू रागावली असतीस, चार शिव्या दिल्या असत्यास, तर मी तुझे पाय धरले असते. पण तू नुसती हसत राहिलीस. मला त्या घरात सुखाचा घास घेता येत नव्हता. मग तुझाच राग यायला लागला...”

वसुधानं तिला कुशीत घेतलं. भर दुकानात, शेठच्या गिऱ्हाइकांसमोर, दोघी बहिणी लहान मुलींसारख्या रडल्या! शेठ साखळी घेऊन बाहेर आला आणि काही न सुचून मागच्या मागे परत आत गेला.

“आता सरलं का तुझं?” उत्तरानं जरा वेळानं भीत भीत विचारलं.

वसुधानं डोळे पुसले. यावेळीही ती खोटं बोलली नाही. “सगळं नाही. पण मी येईन तुझ्याकडे. दर सणाला येईन. आणि तू यायचं.”

नरकचतुर्दशीच्या पहाटे अण्णांच्या घरात उटण्याचा आणि तेलाचा वास दरवळला होता. जावईबुवांचं अभ्यंगस्नान झालं. खाली अंगणात कारीट फुटलं. पाटाभोवती रांगोळी घातली होती, आणि जयवंत नवं धोतर नेसून पाटावर अवघडून बसला होता. वसुधा आत करंज्यांची ताटली भरत होती. घड्याळ अण्णांनी द्यावं, आपण आतच बरं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

“ताई, बाहेर ये,” उत्तरानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिच्या हातात घड्याळाचं तबक दिलं. “सासूचा मान आहे हा. आई नाही, म्हणजे तो तुझा. थोरली तूच.”

वसुधा तबक घेऊन पाटापुढे आली. जयवंतनं वर बघितलं. मग तो पाटावरून उठला, पुढे आला, आणि वाकून त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं! वयानं तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला तो माणूस, ज्याच्यासाठी तिनं दोन दिवस मनात संसार मांडला होता... तिचे पाय आपोआप मागे सरत होते. तिनं ते जागच्या जागी रोवून धरले. अण्णांनी उपरण्यात तोंड लपवलं.

“ताई,” जयवंत कसाबसा म्हणाला, “मी तुमचा फार मोठा अपराधी आहे. क्षमा मागायचं धैर्य होत नव्हतं.”

“अपराध कसला?” वसुधाचा आवाज स्वच्छ होता. “माझ्या बहिणीला सुखात ठेवा, बस. औक्षवंत व्हा, जावईबापू.”

तिनं घड्याळ उचलून उत्तराच्या हाती दिलं. उत्तरानं ते नवऱ्याच्या मनगटावर चढवलं. साखळी बरोब्बर बसली, ना सैल ना घट्ट.

वसुधा फराळ आणायला आत आली. दाराआड उभं राहून तिनं थोडी वाट बघितली, आता रडू येईल म्हणून. ते आलं नाही. उलट तिच्या लक्षात आलं की पहाटेपासून आपण काही खाल्लेलं नाही आणि आपल्याला सपाटून भूक लागली आहे. तिनं तीन ताटल्या भरल्या. मग फळीवरून चौथी काढली, तीही काठोकाठ भरली, आणि ती घेऊन सगळ्यांच्या पंगतीत जाऊन बसली.