पूजेतला जागल्या

खंडेनवमीला रोपवेच्या वरच्या ठाण्यावर हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, ग्रीसगन, तेलाचा डबा, सगळं धुऊनपुसून. प्रत्येकाने आपापलं हत्यार ठेवायचं, म्हणून रूपाली खैरमोडेने मनगटावरचा जागल्या सोडला आणि समईजवळच्या ताटात ठेवला. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं, ही शिकवण आईची. देवीचे भाविक मात्र खाली रांगेत ताटकळत होते. रूपाली नमस्कार करून थेट खुर्चीत जाऊन बसली आणि तिने पाळणे सोडले.

जागल्या म्हणजे चालकाच्या मनगटावरचा पट्टा. नाडी आणि घाम वाचून माणसाचा डोळा लागणार हे त्याला चार मिनिटं आधी कळतं, आणि तो दोराचा वेग कमी करतो. त्याच्याशिवाय पाळणे हाकायचे नाहीत, असा कायदा होता. पट्टा निघाला की दोर थांबायलाच हवा होता. पण समईची ऊब आणि मोटरची थरथर यांनाच त्याने माणूस मानलं. नोंदही केली : चालक अत्यंत सावध, मन शांत.

संध्याकाळी हात धुताना रूपालीला मनगट हलकं लागलं आणि पट्टा दिवसभर ताटातच राहिल्याचं तिच्या ध्यानात आलं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच नोंदवहीत सगळं लिहिलं. दुपारी कंपनीने तिला काढून टाकलं.

असे तंटे लवादयंत्राकडे, म्हणजे कंपनी आणि युनियन दोघांनी करारात मान्य केलेल्या यांत्रिक पंचाकडे जात. त्याने अकरा मिनिटांत निवाडा दिला : चूक गंभीर, पण लपवलेली नाही. तीन महिने कामाबाहेर, पुन्हा परीक्षा, मग कामावर.

तीन महिने झाले, रूपाली परीक्षाही पास झाली. पण कंपनी न्यायालयात गेली. म्हणणं एकच, हा निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणजे जनहिताला बाधक आहे.

"मॅडम, दिवसभरात एकोणीसशे माणसं हवेत लोंबकळली," कंपनीचे वकील सोमण हात पसरून म्हणाले, "आणि पट्टा झेंडूच्या फुलांखाली! अशा बाईला पुन्हा दोरावर बसवणं जनहिताच्या विरोधात आहे."

पलीकडच्या बाकावर रूपालीने मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात?

"पट्ट्याशिवाय पाळणे हाकणं जनहिताच्या विरोधात आहे, हे खैरमोडेबाईंनाही मान्य आहे," न्यायमूर्ती पिंगे म्हणाल्या. "मुद्दा तो नाही. शिक्षा भोगून, परीक्षा देऊन आलेल्या चालकाला कामावर घ्यायला कोणता कायदा मना करतो? कलम दाखवा."

सोमणांनी कागद चाळले. पुन्हा चाळले. "थेट कलम असं नाही, मॅडम. पण एकूण जनभावना..."

"भावनेला कलम नसतं, वकीलसाहेब."

रूपालीने शेजारी बसलेल्या आपल्या वकिलांना, सुचिता देशभ्रतारांना, कोपराने ढोसलं. "वकीलबाई, बरं चाललंय ना?"

"श्वास घ्या, रूपालीताई. सध्या तेवढंच करा."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "पंच दोन्ही पक्षांनी निवडला. तो यंत्र आहे म्हणून त्याचा शब्द हलका होत नाही, आणि जडही होत नाही. त्याच्या जागी मी असते तर कदाचित खैरमोडेबाईंना काढलंच असतं. पण मला ते विचारलेलं नाही. निवाडा कायम."

बाहेर येऊन रूपाली जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. "जिंकलो ना आपण? मला मेलीला 'काढलंच' एवढंच ऐकू आलं!"

"जिंकलो हो! सोमवारी कामावर जायचं."

रूपाली हसता हसता रडली आणि रडता रडता सुचिताबाईंच्या काळ्या कोटालाच नाक पुसून बसली. मग दचकली. "अगंबाई! कोट!"

"असू द्या. आजवर यावर फक्त चहा सांडत होता."

"म्हणजे माणसाने काढलं असतं आणि यंत्राने ठेवलं?"

"आणि माणसाने यंत्राचा शब्द राखला."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. बातमी ऐकून ती किंचाळलीच. "आई, सोमवारी पहिल्या पाळण्यात मी बसणार हं!"

"ये की, बाळा," रूपाली म्हणाली. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला सडकून भूक लागली होती.

फोन ठेवल्यावर मात्र तिच्या मनात आलं : हीच चूक दुसऱ्या कुणा चालकाच्या हातून झाली असती, आणि लेक त्याच्या पाळण्यात बसायला निघाली असती, तर आपण इतक्या सहज 'ये की' म्हणालो असतो का?