बाईंची एक मिनिट शांतता

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण माझ्या काकांसमोर हसू नका. हसणाऱ्या एकाला त्यांनी चहाचा कप हातात असताना घराबाहेर काढलं होतं.

काका साउंड रेकॉर्डिस्ट. अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या स्टुडिओत बावीस वर्षं.

हे घडलं तो मंगळवार होता. दुपारचे तीन. भर उजेड.

महिनाभर एक जुनी भयकादंबरी चालू होती. ओसाड गढी, वादळ, बंद दार. वाचायला होत्या बाई, सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका.

मॅनेजर सारखा वैतागायचा. "किती थांबता बाई? आणि तो पाऊस एवढा रंगवता कशाला? गोष्ट वाचा ना."

बाईंचा पारा चढला. "गोष्ट त्या पावसातच आहे. लेखकानं दार तीनदा आणलंय. आधी बंद. मग किलकिलं. तिसऱ्यांदा नुसतं लिहिलंय, वारा आत आला. दाराचा उल्लेखच नाही. तिथे मी थांबले नाही, तर ऐकणाऱ्याला ते दिसणार कसं?"

मॅनेजरनं काकांना सांगितलं, सगळे थांबे कापा.

काकांना ते मुळीच पटलं नव्हतं. तरी मूग गिळून बसले आणि एकूण एक थांबा कापला.

बाईंनी ते कापलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. काकांना एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला तर कळत होतं."

चार दिवसांनी त्या झोपेतच गेल्या. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं.

ते मॅनेजरनंच वाचलं. किराण्याची यादी वाचावी तसं, वीस मिनिटांत. मग जेवायला निघून गेला. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण काम तर संपवायचं होतं.

मॅनेजरचे खोकले कापले. कापलं की तिथे भोक पडतं. ते बुजवायला खोलीची एक मिनिट शांतता आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. काकांकडे होती ती बाईंच्या वेळची. बाई तेव्हा खुर्चीत न हलता बसल्या होत्या.

काकांनी पहिलं भोक बुजवलं. ऐकलं.

शांततेत... खुर्ची करकरली.

काकांनी काचेपलीकडे पाहिलं. वाचनाचा बूथ रिकामा. त्याचं दार बंद.

दुसरं भोक बुजवलं.

शांततेत... पान उलटलं.

दार किलकिलं होतं.

काकांनी तिसरं बुजवलं.

शांततेत... कुणीतरी श्वास आत घेतला. वाक्य सुरू करण्याआधी बाई घ्यायच्या, अगदी तसा.

काकांच्या मानेवर गार वारा आला.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तिथेच बसून बाईंचा प्रत्येक थांबा जुन्या फाइलमधून परत जागेवर लावला. मॅनेजरचं प्रकरण पुसून टाकलं. संध्याकाळी त्यांची नोकरी गेली. जाताना मॅनेजरला ते जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकांना वाटलं, आता बाई शांत होतील.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. अजूनही घरात पंखा बंद झाला, सगळे गप्प झाले, की काकांचा चेहरा बदलतो. त्यांना तो श्वास ऐकू येतो. आत घेतलेला. पुढे शब्द नाही.

परवा ते रिकाम्या खुर्चीवर ओरडले. "वाचा ना बाई! आता कोण अडवतंय तुम्हाला?"

आम्ही सगळे तिथेच होतो.

आणि मग तो श्वास... मलाही ऐकू आला.