चंपिकाच्या टाकीतलं अतिउडयन

श्रीलंकेतल्या कितुलगलाला नदीकाठी अप्पच्चींच्या, म्हणजे विमलावतीच्या वडिलांच्या, चाळीस सिमेंटच्या टाक्या होत्या. त्यांत अतिउडयन वाढे. पाण्याखाली डुलणारी ही लांबट, तांबूस पानं परदेशातल्या लोकांच्या काचेच्या टाक्यांत शोभेला जात. वनस्पती मोठी मानी. पाणी बदललं की आठवड्यात सगळी पानं विरघळतात, मुळं तेवढी जगतात आणि महिन्याभराने पुन्हा फुटतात. विमलावती हे वीस वर्षं बघत आली होती. पानं गेली की दृष्टीवर खापर फोडणाऱ्यांना ती हसायची.

धाकटी बहीण चंपिका तिच्या हाताखाली येऊन दोनच वर्षं झाली होती, आणि तिची पानं विमलावतीच्या पानांहून वीतभर लांब! अप्पच्ची येताजाता त्याच टाकीशी रेंगाळत. ते बघून विमलावतीच्या पोटात दुखे, अगदी खरंखुरं दुखे.

"आज दुपारी दोघींच्या टाक्या बघणार," अप्पच्चींनी न्याहारीलाच सांगितलं. "जिचं पीक चांगलं, बागेच्या किल्ल्या तिच्या."

विमलावती सरळ चंपिकाच्या टाकीवर जाऊन वाकली.

"काय देखणी पानं गं चंपी!"

चंपिका थांबून राहिली. वाढत्या गोष्टीचं कौतुक केलं की लगेच 'माझ्या तोंडाची बाधा न होवो' म्हणायचं, ही गावची रीत शेंबडं पोरही विसरत नाही. विमलावतीही विसरली नव्हती. तिने ते शब्द जाणूनबुजून गिळले.

"अक्का, पुढचं?"

"चल गं! असल्या खुळचटपणावर विश्वास तुझा?"

जेवणं उरकून तिघं टाकीपाशी आली, तेव्हा पाणी स्वच्छ होतं. पान एकही नव्हतं. अप्पच्चींनी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला.

"मुळंही नाहीत."

"पाणी बदललंस का गं?" विमलावतीने विचारलं. तिचाच आवाज तिला परका वाटला.

"थेंबभरही नाही."

अप्पच्चींनी कमरेचा जुडगा सोडला. मग त्यांनी किल्ल्या विमलावतीच्या हातावर ठेवल्या, तिच्याकडे न बघता. चंपिकाला रडू फुटलं. अप्पच्चींनी तिला जवळ घेतलं, खांद्यावरचा पंचा काढला आणि तिचे गाल पुसायला लागले.

वीस वर्षांत त्यांनी विमलावतीचे डोळे कधी पुसले नव्हते.

"रडतानाही किती देखणी दिसतेस गं," ती म्हणाली.

चंपिकाचं रडणं थांबलं.

"अक्का, पुढचं म्हण."

विमलावतीने तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते. जीभ वळेना.

"अक्का, म्हण ना!"

अप्पच्चींचा हात पुसता पुसता थांबला. त्यांनी पंचा उन्हात धरला आणि त्याला गालावरचं काय विरघळून लागलंय ते बघत राहिले.